योइचीची भट्टी आणि शेतकऱ्याची दृष्टि

जपानच्या उत्तरेस होक्काइडो बेटावर योइची गांवीं व्हिस्कीची एक जुनी भट्टी आहे. ती पाहण्यास दूरदूरचे प्रवासी जातात. दगडी इमारती, तांब्याचीं पात्रें, त्यांखालीं फावड्यानें लोटला जाणारा कोळसा आणि पात्रांस बांधलेले पेंढ्याचे पवित्र दोर पाहून ते संतुष्ट होतात. मद्यपानाची भलामण करणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु शेतकऱ्यानें तेथें जें पाहावें, तें प्रवाशाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

भट्टीचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरु हे १९१८ सालीं स्कॉटलंडास जाऊन ही विद्या शिकले. १९३४ सालीं त्यांनीं योइची येथें कारखाना काढला. परंतु व्हिस्की पिंपांत वर्षानुवर्षें मुरावी लागते. तोंवर खर्च कसा भागावा? योइची हा सफरचंदांचा मुलूख. ताकेत्सुरु यांनीं तेथील सफरचंदांचा रस काढून विकण्यास आरंभ केला. कंपनीचें मूळ नांवच ‘दाइ निप्पोन काजु’, म्हणजे महाजपान फलरस कंपनी, असें होतें. पहिली व्हिस्की १९४० सालीं विक्रीस आली. तिचें ‘निक्का’ हें नांवहि त्याच शब्दांचा संक्षेप होय. तात्पर्य, फळबागेच्या आधारानें भट्टी उभी राहिली.

आतां दुसरी बाजू पाहूं. २०२१ सालीं तेथील उत्पादकांच्या संघानें ‘जपानी व्हिस्की’ कोणती, याचे नियम ठरविले. पाणी जपानचेंच हवें. ऊर्ध्वपातन जपानांतच व्हावें. पिंपांत निदान ३ वर्षें जपानांतच मुरावी. धान्य मात्र जपानचें असावें असें बंधन नाहीं, आणि बहुतेक जव परदेशांतूनच येतो. पाण्याची आठवण राहिली, पिकविणाऱ्याची राहिली नाहीं!

कोणी म्हणेल, बाहेरचा जव स्वस्त पडतो. कारखानदारानें तोटा कां सोसावा? हा आक्षेप निराधार नाहीं. सर्व धान्य देशीच घ्यावें, असा आमचाहि आग्रह नाहीं. परंतु ज्या मालांत देशचें धान्य आहे, त्यास निराळें नांव असावें. म्हणजे त्याची जादा किंमत द्यावी कीं न द्यावी, हें गिऱ्हाईक ठरवील.

आमच्या वाचकांनीं यांतून एवढाच बोध घ्यावा. आपल्या भागाच्या नांवावर रसाचा, पाकाचा वा मद्याचा कारखाना निघेल, तेव्हां कच्चा माल कोणाचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारावा आणि त्याचें उत्तर लेखी घ्यावें. नियम लिहिले जात असतां जो हजर नसतो, त्याचा वाटा पुढें कोणी आठवणीनें काढून ठेवीत नाहीं.