गांठीला वखार, माणसाला काय?

शेतकरी व कारागीर बांधवहो! कोंकणांत वरकस जमिनीवर पोट भरेना, घाटावर सावकाराचें देणें फिटेना, म्हणून आपलीं पोरें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची पहिली कंपनी काढली. पुढें परळ-लालबागेंत धुराड्यांचें रान माजलें. कापसाच्या गांठीला कोरडी वखार मिळाली. त्या गांठीचें सूत करणाऱ्याला काय मिळालें? चाळींतली एक अंधारी खोली, तींत दोन-तीन बिऱ्हाडें! रात्रपाळीचा उठे, तेव्हां दिवसपाळीचा त्याच जागीं वळकटी पसरी.

१८९६ सालीं प्लेग आला, तो अशाच कोंदट वस्त्यांत फोफावला. रविवारची सुटी मिळवून देणारे ‘दीनबंधु’कार नारायणराव लोखंडे १८९७ सालीं त्यालाच बळी पडले. १८९८ सालीं नेमलेल्या सुधारणा ट्रस्टानें घरें पाडलीं फार, बांधलीं थोडीं. १९२० नंतर वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें सरकारी चाळी उठल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक.

कोणी म्हणेल, हें जुनें रडगाणें! मुळींच नाहीं. १९८२ सालीं अडीच लाख कामगारांनीं संप केला; त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ सालीं नियम झाला कीं, गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेस, एक स्वस्त घरांस, एक मालकास. २००१ सालीं त्यांत मेख मारली: वांटणी फक्त इमारत नसलेल्या जागेची! गिरणीची बहुतेक जागा इमारतींनींच व्यापलेली. मग वांट्यास उरलें काय? २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांतही हीच मेख कायम झाली. आज तेथें शेटजींचे कांचेचे मनोरे आहेत. घरासाठीं दीड लाखांहून अधिक कामगारांनीं व वारसांनीं अर्ज केले. घर मिळालें तें थोड्यांसच.

कसेल त्याची जमीन, हें तत्त्व कुळकायद्यानें मान्य केलें. मग ज्यांच्या तीन पिढ्या साच्यापुढें झिजल्या, त्यांनीं त्या जमिनीवर एक खोली मागितली तर ती भीक कशी? तो हक्क आहे!

बांधवहो, आजोबांचें गिरणीचें तिकीट, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती घरच्या पेटींत असेल तर ती रद्दींत घालूं नका. वारसाचा हक्क त्या कागदावर उभा राहतो. आणि एकट्यानें कचेरीच्या पायऱ्या झिजवूं नका; गांवानें मिळून मागा. एकट्याचा अर्ज दप्तरांत पडतो, गांवाचा आवाज दाबतां येत नाहीं.