हाती बटण, माथी जबाबदारी

2009च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'डेमन्स सोल्स' हा गेम बाजारात आला, तेव्हा त्यात पैसा घालणाऱ्या सोनी कंपनीलाच त्याचा भरवसा नव्हता. सोनीच्या स्टुडिओंचे प्रमुख शुहेई योशिदा यांनी तो आधी खेळून पाहिला होता. बराच वेळ झगडूनही ते सुरुवातीच्याच भागात अडकून पडले. इतका कठीण गेम चालणार नाही असं ठरलं आणि अमेरिका-युरोपात सोनीने तो स्वतः काढलाच नाही. अमेरिकेत तो ॲटलस या दुसऱ्या प्रकाशकाने आणला आणि तो गाजला. आपला अंदाज चुकला, हे योशिदांनी पुढे उघडपणे मान्य केलं.

या गेममध्ये खेळाडू मरतो. सतत मरतो. शत्रूंना मारून जमवलेली सगळी कमाई मेल्या जागी पडून राहते. ती परत हवी असेल तर त्याच वाटेने, त्याच शत्रूंमधून पुन्हा तिथवर जायचं. वाटेत पुन्हा मेलं, तर ती कायमची गेली. दिवसभर दमून घरी आलेल्या माणसाने पदरचे पैसे मोजून हा मनस्ताप का घ्यावा? पण लोकांनी तो हौसेने घेतला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी याच वळणावर पुढे 'डार्क सोल्स' (2011) आणि 'एल्डन रिंग' (2022) केले. 'एल्डन रिंग'च्या तर वर्षभरातच 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या.

हे कोडं सुटतं ते मरण्याच्या कारणापाशी. ढाल उशिरा उचलली, हावरेपणाने एक वार जास्त केला, कोपऱ्यापलीकडे न बघता पाऊल टाकलं. आपण का मेलो हे खेळणाऱ्याला बहुतेक वेळा लगेच कळतं. खापर फोडायला दुसरं कुणी नसतं. तोच राक्षस दहा वेळा हरवतो आणि अकराव्या वेळी पडतो, तेव्हा त्याची ताकद तसूभरही कमी झालेली नसते. खेळणाऱ्याची नजर मात्र तयार झालेली असते, हात बसलेला असतो. गाण्याच्या रियाजात गळ्याचं जे होतं तेच. हा आनंद चॉकलेट खाण्याच्या आनंदाच्या जातीचा नाही. तो कमवावा लागतो, म्हणून तो टिकतो.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 सालच्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाचं मर्म याच दिशेने शोधलं आहे. गरज नसलेले अडथळे माणूस आपखुशीने पत्करतो, तेव्हा खेळ सुरू होतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय. आपल्याकडची कबड्डी घ्या. चढाई करणाऱ्याने दम कोंडून धरण्याची तशी काय गरज? पण दमाची अट काढली तर मैदानावर नुसती झटापट उरेल.

मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितलेली एक आठवण इथे महत्त्वाची आहे. बर्फ पडून गेल्यावर एका चढावर गाड्या घसरू लागल्या, अडकल्या. मग मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत राहिली आणि अनोळखी लोकांनी एकमेकांना चढ पार करून दिला. थांबून आभार मानायची सोय नव्हती; थांबला तो पुन्हा अडकला असता. या अनुभवातून 'डेमन्स सोल्स'मधला इतर खेळाडूंशी असलेला नातेसंबंध आकाराला आला. जगात कुठेतरी खेळत असलेला दुसरा कुणी क्षणभर भुतासारखा समोरून जातो. त्याने जमिनीवर लिहून ठेवलेली सूचना दिसते. तो जिथे मेला, तिथला डाग त्याचे शेवटचे क्षण दाखवतो. ना ओळख, ना गप्पा, तरी सोबत आहे. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2006मध्ये गेमच्या ओढीमागे तीन भुका मांडल्या: निर्णय आपला असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलं जाणं. या एकाच गेममध्ये तिन्ही सापडतात.

मात्र ही ओढ किती खोल जाऊ शकते, हे पाहायचं तर तलवारी बाजूला ठेवून एका कारकुनाच्या टेबलाकडे वळावं लागतं.

लुकस पोप या एकट्या माणसाने घडवलेल्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये (2013) काळ 1982चा आहे आणि आर्स्टोत्झ्का हा हुकूमशाहीचा काल्पनिक देश. खेळणारा सीमेवरच्या तपासणी खिडकीत बसतो. पासपोर्टची मुदत, फोटो, परवान्यावरचं नाव पडताळायचं आणि शिक्का मारायचा: प्रवेश किंवा नकार. नियम सारखे बदलत राहतात. कमाई तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. दिवस संपला की भाडं, जेवण, घर उबदार ठेवण्याचा खर्च आणि औषधं यांचा हिशेब समोर येतो. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. पैसे पुरत नाहीत.

एके दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख. जाता जाता तो विनवतो, पाठोपाठ बायको येतेय, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो. परत गेले तर मारतील, ती म्हणते. दिवसाला दोन चुका माफ. तिसरीपासून दंड कापला जातो. आधीच दोन चुका झाल्या असतील, तर तिच्यावरची दया थेट घरच्या ताटातून वजा होते. तहसील कचेरीच्या खिडकीबाहेर ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत, त्यांना हा गेम आतली खुर्ची देतो. कारकून कोरडा का होतो, याचं प्रवचन तो करत नाही. तो खेळणाऱ्यालाच हळूहळू कोरडं करतो. चेहऱ्याआधी पासपोर्टची मुदत बघायची सवय लागते आणि ती लागल्याचं ध्यानात येतं तेव्हा चरकायला होतं.

सिनेमातल्या खलनायकाचं पाप प्रेक्षकाच्या खात्यावर जमा होत नाही. गेममध्ये होतं. शिक्का खेळणाऱ्यानेच मारलेला असतो. कादंबरी आणि नाटक खूप काही करू शकतात, पण वाचकाला अपराधी ठरवणं त्यांना इतक्या थेटपणे जमत नाही. पोलंडने ही ताकद ओळखली. वेढ्यात सापडलेल्या शहरातले सामान्य नागरिक कसे तगतात, हे दाखवणारा 'धिस वॉर ऑफ माइन' (2014) हा वॉर्सातल्या स्टुडिओचा गेम शालेय पूरक वाचनाच्या यादीत घेण्याची घोषणा तिथल्या सरकारने 2020मध्ये केली.

गेमच्या व्यसनाबद्दल पालकांना वाटणारी काळजी मात्र खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी 2022पासून लागू आहे. रोज हजेरी लावली तरच मिळणारी बक्षिसं, आत काय आहे ते न दाखवता पैसे मागणाऱ्या पेट्या, हे सगळं वर सांगितलेल्या भुकांचाच गैरफायदा घेतं. बेल्जियमने अशा विकाऊ पेट्यांना 2018मध्येच जुगार ठरवलं. ऑगस्ट 2025मध्ये भारताच्या संसदेने मंजूर केलेल्या कायद्यानेही पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम एका बाजूला काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलं. ही विभागणी योग्य आहे आणि ती घराघरांतही व्हायला हवी. 'किती तास खेळलास?' याच्या जोडीला 'त्यात तुला काय ठरवावं लागलं?' हेही मुलाला विचारलं, तर गेमची प्रत लगेच कळते.

आपल्या माणसांनी या माध्यमात पाऊल टाकलेलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020मध्ये 'राजी' आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पहाडी चित्रशैलीतलं जग. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी तो पुरा केला. टोरांटोतल्या स्टुडिओच्या 'वेन्बा'त (2023) कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ कुटुंब आहे. आईच्या पाककृतींच्या फाटक्या वहीतून अर्धवट मजकूर लावत खेळणाऱ्याने इडली करायची. चुकलं की पुन्हा. भाषा हातातून निसटत चाललेला मुलगा आणि त्याची आई, यांची गोष्ट त्या स्वयंपाकातून उलगडते.

मराठीत विषयांचा दुष्काळ नाही. 18 जानेवारी 1982ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने त्यानंतरचं एक विस्कटलेलं घर रंगभूमीवर दाखवलं. गेम खेळणाऱ्याला त्याच गिरणगावातल्या खोलीत बसवून हिशेबाची वही त्याच्या हाती देईल: पगार बंद आहे, वाण्याची उधारी थकली आहे, कुणाला गावी पाठवायचं, काय विकायचं, संप मोडून कामावर जायचं की नाही? पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी हा विषय हाती घ्यावा आणि मराठी वृत्तपत्रांनी नाटक-सिनेमाच्या शेजारी त्याचं परीक्षण छापावं.