आजीचे पांढरे मोजे



आमच्या वांगणीतली एक आजी भाताच्या बांधावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा पायांत मांडीपर्यंत घट्ट पांढरे मोजे! भेटायला आलेल्या बाया म्हणाल्या, "एवढ्या उकाड्यात मोजे कशाला? काढून टाक गं!" तिची नात माझ्याच वर्गात. ती धावत आली, "बाई, काढू का?"

काढण्याआधी एक करून बघा. उभे राहा, हात पोटरीवर ठेवा आणि टाचा उचला. पोटरी कशी दगडासारखी झाली? दर पावलाला ती आतल्या शिरा पिळते आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये इवल्या इवल्या झडपा असतात. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही!

आजी खाटेवर पडून, म्हणजे हा पंप बंद. आपला ओहोळ बघा. खडकांच्या चिंचोळ्या फटीतून पाणी पळतं, पसरट डोहात रेंगाळतं आणि तिथेच गाळ बसतो. रेंगाळलेल्या रक्ताची तशीच गुठळी होऊ शकते. त्यात ऑपरेशननंतर जखम भरायची म्हणून रक्त लवकर गोठायला टपलेलंच असतं. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीवही जातो.

मोजा शिरांना बाहेरून दाबून चिंचोळं करतो. पण सगळीकडे सारखा दाबत नाही, बरं का! रक्तदाब मोजतात त्याच मापाने घोट्याशी साधारण १८, तर मांडीच्या वरच्या भागात जेमतेम ८. ही युक्ती कॉनरॅड जॉब्स्ट या अमेरिकेत राहणाऱ्या जर्मन इंजिनिअरची. त्याच्या स्वतःच्याच पायांच्या शिरा फुगून दुखायच्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटायचं. का? पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे पावलांवर सगळ्यात जास्त. १९५० च्या सुमारास त्याने तसेच दाबणारे मोजे बनवले.

हल्ली डॉक्टरांचा भर गुठळी न होण्याच्या औषधांवर आणि पेशंटला लवकर चालवण्यावर असतो. औषध चालू असेल तर काही ऑपरेशनांत मोजे लागतही नाहीत, असं २०२० साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं. पण कुणाला हवेत, कुणाला नकोत, हे डॉक्टरच ठरवणार. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर मोजा अपायही करतो.

म्हणून आम्ही नाशिकला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "रोज एकदा काढा, पाय धुवा, कातडी बघा, परत घाला. पण गुंडाळून खाली सरकवू नका. गुंडाळी दोरीसारखी आवळते आणि रक्त अडवते." आणि हो, शेजारची मावशी तेलाची वाटी घेऊन पोटरी चोळायला बसली होती, तिलाही थांबवलं. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. धाप लागली, छातीत दुखलं तर क्षणभरही थांबायचं नाही.

नातीने मग वहीत आजीची पावलं लिहायला घेतली. वॉकर धरून ओटीपासून चुलीपर्यंत, पहिल्या दिवशी बारा. काल वही दाखवायला आणली. शंभर झाली होती, आणि खाली लिहिलं होतं, "आजी दोनदा रागावली."