पाठ फिरवून झोपणारा नवरा

मैत्रिणींनो, या पानावर आपण लोणच्याच्या खारापासून मुलांच्या खोकल्यापर्यंत सगळं बोलतो. आजचा विषय जरा नाजूक आहे. पण पान उलटू नका हं!

परवा मधल्या सुट्टीत शाळेतली एक मैत्रीण एकदम रडायलाच लागली. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा निर्व्यसनी, कष्टाळू; पण महिनोन्‌महिने पाठ फिरवून झोपतो. हिला वाटे, आपणच त्याला आवडत नाही. खरं दुखणं निराळंच होतं, शीघ्रपतनाचं. लाजेपायी त्यानं जाहिरात वाचून कुठल्याशा वैदूच्या पुड्यांवर दोन पगार घालवले होते. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी त्या भिंतीभिंतींवर दिसतातच.

मी म्हटलं, "अगं, दात दुखला तर डॉक्टरकडे जातो ना? मग याचीच लाज कसली?" शेवटी दोघं मिळून गेली.

एखादे वेळी लवकर झालं तर तो आजार नव्हे. पण संबंध सुरू होताच मिनिटभरात, जवळजवळ दर वेळी वीर्यपतन होत असेल आणि मनाला त्रास होत असेल, तर इलाज जरूर घ्यावा. पूर्वी सगळं ठीक असून हल्लीच सुरू झालं असेल, तर डॉक्टर थायरॉईड, प्रोस्टेटची सूज, मनावरचा ताण हेही पाहतात.

उपाय बरेच आहेत. उत्तेजना वाढली की थांबायचं, ओसरली की पुन्हा सुरुवात करायची. ही रीत डॉ. जेम्स सीमन्स यांनी १९५६ साली मांडली. यात बायकोची साथ हवीच. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, त्यांचा व्यायामही शिकवतात. बधिर करणारं मलम मिळतं. पण संबंधाआधी ते धुऊन टाकावं, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो. डॅपॉक्सेटिनची गोळी १ ते ३ तास आधी घेतात. तिनं मळमळ, चक्कर येऊ शकते आणि हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाही. म्हणून दुकानातून परस्पर आणू नये.

आणि आपण काय करायचं? टोमणा मारायचा नाही, कीवही करायची नाही. "आपण दोघं जाऊ या," एवढंच म्हणायचं.

मैत्रिणीला विचारूनच हे लिहिलंय. ती म्हणाली, "अजून पुरतं बरं नाही गं, पण आता रात्री आम्ही बोलतो तरी!"