गिअरचा दांडा आखूड करावा का?

मैत्रिणींनो, या खेपेस स्वयंपाकघर सोडून जरा अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे वळू या. नाशिकच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरात २००५ सालची छोटी गाडी आहे, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. ते आता नाहीत. गाडी रोज चालवतात त्या या बाईच. सकाळी नोकरीवर, येताना भाजी, आठवड्यातून एकदा सासूबाईंना दवाखान्यात. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, गिअर फार लांब आणि सैल पडतात, आपण 'शॉर्ट शिफ्टर' बसवू. त्याचे वडील म्हणतात, जुन्या गाडीवर कशाला पैसे घालायचे. आणि पत्राच्या शेवटी एवढंच, "माझा उजवा-डावा हात दोन्ही संध्याकाळी दुखतात, पण मला कोणी विचारत नाही."

माझ्या मते विचार इथूनच सुरू व्हायला हवा. गिअर कसा असावा हे ठरवायचं ते गाडी चालवणाऱ्याने!

आता हा शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय ते पाहू. गिअरचा दांडा ही शाळेत शिकलेली तरफच आहे. मधे टेकू, वर आपली मूठ, खाली गिअरबॉक्सकडे जाणारं टोक. गावाकडचा हापसा आठवा, तसंच. समजा टेकूच्या वर दांडा २४ सेंटिमीटर आणि खाली ६ सेंटिमीटर आहे. खालचं टोक २ सेंटिमीटर सरकायचं तर वर आपल्याला हात ८ सेंटिमीटर न्यावा लागतो. शॉर्ट शिफ्टरमध्ये खालचा भाग लांब करतात, समजा ८ सेंटिमीटर केला. मग हात ६ सेंटिमीटर नेला की भागतं. पण तरफ फुकट काही देत नाही. वाचलेल्या २ सेंटिमीटरांच्या बदल्यात जोर एक तृतीयांशाने जास्त लावावा लागतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, हिशेब मात्र सगळीकडे हाच. काही जण वरून दांडा कापून मूठ खाली आणतात. त्यातही जोर वाढतोच, शिवाय दर वेळी हात खाली न्यायचा तो वेगळाच.

मोकळ्या रस्त्यावर हौसेने गाडी पळवणाऱ्याला हा जोर जाणवणार नाही, उलट गिअर कसा 'खटकन' पडला म्हणून बरं वाटेल. पण गर्दीत दर चौकाला पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करणाऱ्या बाईच्या दुखऱ्या हाताला तो नक्की जाणवेल. म्हणजे मजा चिरंजीवांची आणि भरपाई आईच्या मनगटाची.

शिवाय 'लांब' आणि 'सैल' या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि मुलाने त्या एकात एक मिसळल्या आहेत. सैलपणा दांड्याच्या लांबीने येत नाही. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जे रॉड किंवा केबल जातात, त्यांच्या सांध्यांत रबराचे वा प्लॅस्टिकचे बुश असतात. वीस वर्षांत ते झिजतात, कडक होऊन तुटतात. दांडा आखूड केला तरी झिजलेले बुश झिजलेलेच राहणार. ज्यांनी पद्मिनी चालवली आहे त्यांना आठवेल, तिचा गिअर स्टिअरिंगपाशी होता आणि मधे सांध्यांची लांबलचक साखळी. सांधे झिजले की दुसरा कुठे आणि चौथा कुठे हे हाताच्या अंदाजाने शोधावं लागे!

तेव्हा गॅरेजमध्ये जाण्याआधी घरीच पाहून घ्या. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून तिसरा गिअर टाका आणि मूठ हलक्या हाताने हलवा. ती बरीच डुलत असेल तर बुश पाहायला सांगा. मग इंजिन बंद असतानाच सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, असं असेल तर दोष बहुधा क्लचचा. तो पूर्ण सुटत नाही. आणि चालत्या गाडीत एकाच गिअरला खरखर येत असेल, तर आतली पितळी कडी झिजलेली असू शकते. दोन चाकांचा वेग जुळवून मग गिअर बसू देणं हे या कडीचं काम. तिला क्षणभर वेळ लागतो. जुन्या गाडीत तर जास्तच. दांडा आखूड करून घाई केली तर ती आणखी झिजते, आणि तिच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

बुशचा खर्च शेकड्यांत जातो, गिअरबॉक्सचा हजारांत. मधे गिअर ऑइल बदलणं आणि क्लचची केबल जुळवून घेणं आहे. हे सगळं आधी करा. महिनाभर गाडी चालवा. माझा अंदाज आहे की बाईंच्या हाताचं निम्मं दुखणं तिथेच थांबेल. (उरलेलं निम्मं डॉक्टरांना दाखवा, ते गाडीवर ढकलू नका.) वीस वर्षं उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं; तेव्हा पैसे हाताशी असतील तर ब्रेक आणि टायर यांचा मान पहिला.

इतकं करूनही मुलाचा हट्ट राहिला तर? त्याच गाडीसाठी बनवलेला तयार भाग मिळाला, तरच विचार करावा. कापून वेल्डिंग केलेला दांडा नको. कच्चं वेल्डिंग भर रस्त्यात सुटलं तर गाडी आहे त्या गिअरमध्ये अडकेल. मूळ दांडा टाकू नका, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, म्हणजे हाताला नाही मानवलं तर परत बसवता येईल. आणि पहिले आठ दिवस त्या गाडीतून भाजी आणायला मुलाला धाडा, ऐन संध्याकाळच्या गर्दीत.

एक राहिलंच. थंडीत सकाळी पहिल्या दोन-चार चौकांपर्यंत गिअर जड वाटले तर घाबरू नका, गार तेल घट्ट असतं. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावरही ते तसेच राहिले, तर मात्र गॅरेजवाल्याला तेल पाहायला सांगा आणि शेवटचं कधी बदललं ते वहीत लिहून ठेवा.