न झालेली भेट

खऱ्या गुन्ह्यावर कादंबरीकाराने लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. अशी गोष्ट सांगावी ती त्यानेच. ट्रुमन कपोटी या अमेरिकी लेखकाचे ‘इन कोल्ड ब्लड’ हे पुस्तक हा त्याचा पुरावा. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्ससमधल्या होलकोम गावी हर्बर्ट क्लटर हा सधन शेतकरी, त्याची पत्नी आणि दोन मुले राहत्या घरात मारली गेली. घरात पैशांनी भरलेली तिजोरी आहे, ही तुरुंगात ऐकलेली बातमी खोटी निघाली. खुन्यांच्या हाती पन्नासएक डॉलर लागले. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मुळे नावाजलेला कपोटी बालमैत्रीण हार्पर ली हिला सोबत घेऊन तिथे गेला. खुनी कोण, हे पुस्तक सुरुवातीलाच सांगून टाकते. त्या रात्री घडले काय, हे मात्र खुन्यांपैकी एक असलेल्या पेरी स्मिथच्या कबुलीजबाबापर्यंत राखून ठेवते. घटनांना धक्का न लावता केवळ क्रम बदलून वाचकाला खिळवणे, हे कादंबरीकाराचे कसब. इथवर तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती शेवटाबद्दल. तपास अधिकारी ॲल्विन ड्यूई दफनभूमीत मृत मुलीच्या मैत्रिणीला भेटतो आणि पुस्तक शांतपणे मिटते. ही भेट कधी झालीच नव्हती. यावर कुणी म्हणेल, निवड तर बातमीदारही करतो. मग एका प्रसंगाचे एवढे काय? पण निवड पडताळता येते, गाळलेले दुसरा कुणी पुढे आणू शकतो. बेमालूम मिसळलेली कल्पना मात्र उरलेल्या साऱ्या पानांवर संशय पाडते. पेरीच्या तोंडचे शब्द तरी खरे कशावरून? मुलाखतीत टिपणे न काढता सारे लक्षात ठेवण्याची बढाई लेखकच मारत असेल, तर हा प्रश्न आणखी टोचतो. कपोटी नसता तर क्लटर कुटुंब विस्मरणात गेले असते, हा बचावही लंगडा आहे. पुस्तक मिटल्यावर मनात घर करून राहतो तो पेरी. आणि ‘कादंबरी’ म्हणून सारे माफ करायचे, तर १९६६च्या त्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘सत्य वृत्तांत’ असा स्पष्ट दावा आहे. तो लेखकानेच केला होता.