फोन ऐकला गेला, पण सांगायचे कोणी?

अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांचा दूरध्वनी पुणे पोलिसांनी चोरून ऐकला आणि त्यासाठीच्या कागदपत्रांत तो 'निजामुद्दीन बाबू शेख' नावाच्या इसमाचा असल्याचे दाखवले, असा आरोप फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यातून पुढे आला. नाना पटोले यांच्या क्रमांकासमोर 'अमजद खान' असे नाव होते. संजय काकडे आणि आशिष देशमुख यांचे क्रमांकही अशाच परक्या नावांनी नोंदले गेले होते. कारण दाखवले होते अमली पदार्थांच्या तस्करीच्या संशयाचे. हा सारा प्रकार रश्मी शुक्ला पुण्याच्या पोलीस आयुक्त असतानाचा, म्हणजे २०१६ ते २०१८ या काळातला होता. तस्करीचा संशय पटावा म्हणून विशिष्ट समाजाची नावे वापरावीशी वाटली आणि ती मंजुरीच्या टेबलावर कोणाला खटकली नाहीत, हा आरोप खरा असेल तर तो यंत्रणेच्या मनोवृत्तीविषयीही बरेच सांगून जातो.

ज्यांचे बोलणे ऐकले गेले त्यांना ते कळले कसे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला. पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत विषय काढला, तत्कालीन गृहमंत्र्यांनी चौकशी समिती नेमण्याची घोषणा केली आणि समितीच्या अहवालानंतर गुन्हा दाखल झाला. दरम्यान राज्यात सत्तांतर होऊन महाविकास आघाडीचे सरकार आले होते आणि कडू त्यात राज्यमंत्री होते. सरकार बदलले नसते तर या चौघांना कधी काही कळले असते, असे मानण्यास आधार नाही.

पुढचा प्रवासही सरकारांच्या चालीनेच झाला. जून २०२२ मध्ये पुन्हा सत्तांतर झाले. त्यानंतर पुणे पोलिसांनी 'सी समरी' अहवाल सादर केला, म्हणजे गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही, तो गैरसमजातून नोंदला गेला. पुण्याच्या न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तो न स्वीकारता अधिक तपासाचा आदेश दिला. एकनाथ खडसे आणि संजय राऊत यांच्या दूरध्वनींबाबत मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात वेगळा गुन्हा होता. तेथे खटल्यासाठी लागणारी परवानगी शासनाने नाकारली. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. शुक्ला यांनी आरोप सुरुवातीपासून नाकारले होते, कारवाई राजकीय हेतूने झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. विशेष म्हणजे गुन्हा मागे पडत असताना तक्रारदारांपैकी खुद्द कडू नव्या सरकारचे समर्थक होते.

कोणाचा दूरध्वनी ऐकायचा, हे ठरवण्याची रीत १९९६ च्या पीयूसीएल निकालाने घालून दिली आणि २००७ मध्ये तार नियमावलीतील नियम ४१९-अ ने ती पक्की केली. गृहसचिवांचा लेखी आदेश, ६० दिवसांची मुदत, जास्तीत जास्त १८० दिवस, आणि दर दोन महिन्यांनी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून फेरतपासणी. समितीचे सर्व सदस्य सचिवच. न्यायाधीश त्यात नाही, बाहेरचा कोणी नाही. गरज संपलेल्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, हीही तरतूद आहे. नागरिकाच्या खासगीपणाच्या रक्षणासाठीच ती घातली गेली. पण ज्याला काही कळवलेलेच नाही, त्याच्या तक्रारीचा पुरावाही तिच्यामुळे वेळेत नाहीसा होतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार ऐकणे थांबल्यापासून साधारण ९० दिवसांच्या आत संबंधिताला सूचना द्यावी लागते. न्यायालय ती लांबवू शकते, पण लांबवण्यासाठी कारण सांगावे लागते.

पोलिसांनी न कळवण्याचे परिणाम ब्रिटनने भोगले आहेत. तेथे ऐकणारे वृत्तपत्र होते. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा वार्ताहर क्लाइव्ह गुडमन आणि खासगी गुप्तहेर ग्लेन मल्केअर यांना जानेवारी २००७ मध्ये तुरुंगवास झाला. मल्केअरकडे सापडलेली सुमारे ११ हजार पाने पोलिसांच्या ताब्यात होती आणि त्यांत हजारो नावे होती. तरीही बहुतेकांना काही सांगितले गेले नाही. २००९ मध्ये 'गार्डियन'ने प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा वरिष्ठ अधिकारी जॉन येट्स यांनी काही तासांत नव्या तपासाची गरज नसल्याचे जाहीर केले. जुलै २०११ मध्ये खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनमधील निरोपही ऐकले गेल्याचे उघड झाले आणि १६८ वर्षांचे ते वृत्तपत्र बंद पडले. लंडनचे पोलीस आयुक्त आणि येट्स दोघांनीही पद सोडले. माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट आणि इतरांनी पोलिसांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये पोलिसांनी मान्य केले की बळी ठरलेल्यांना सावध करणे हे त्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी पाळले नाही.

महाराष्ट्रात अशी कबुली कोणी दिलेली नाही. २०१९ मध्ये 'पेगासस' या हेरगिरी प्रणालीने लक्ष्य केलेल्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. त्यांना ते कळवले व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने, पोलिसांनी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगासस असल्याचे सिद्ध झाले नाही आणि केंद्राने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

माध्यमांचेही यात अंग आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात एका तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या म्हणून फिरणाऱ्या ध्वनिफिती वाहिन्यांनी दिवसरात्र वाजवल्या. त्या कोणाच्या फोनमधून आणि कोणाच्या हातून बाहेर पडल्या, यापेक्षा त्यांत काय आहे याचीच चर्चा झाली. कुटुंबीयांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे माध्यमांना आवर घातला गेला.

कडू प्रकरणात तक्रारदार चारच दिसतात, पण आमदाराचा फोन एकट्या आमदाराचा नसतो. पीकविम्याची रक्कम अडकलेला चांदूर बाजारचा शेतकरी, मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून विनवणी करणारी परतवाड्याची आई, वरिष्ठांविरुद्ध दबल्या आवाजात बोलणारा कारकून अशी माणसे त्या क्रमांकावर बोलत असतात. त्यांतले किती आवाज पुण्यात ऐकले गेले, याची नोंद गुन्ह्यात नव्हती, आणि त्यांपैकी कोणी पोलीस ठाण्यात गेले असते तर तक्रार लिहून घेण्यासाठी त्यांच्याकडे आधार काय असता? डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने जुन्या नियम ४१९-अ च्या जागी नवे नियम लागू केले. आदेश देणारे आणि तपासणारे पूर्वीप्रमाणेच सचिव राहिले. ज्याचे बोलणे ऐकले त्याला कळवण्याचे कलम त्यातही आलेले नाही.